14 महिने, 36 हजार किलोमीटर : औषधांच्या फेरीवर 800 सीसीची जुनी गाडी

यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याच्या एका ठोक विक्रेत्याचा औषधांचा माल खेड्यांतल्या मेडिकलवाल्यांना पोचवायचं काम मी करतो. एक दिवस करंजी, मोहदा, रुंझा. दुसऱ्या दिवशी घाटंजी, पारवा. अधूनमधून पाटणबोरी. आधी दुचाकीवर करायचो, मागं खोका आणि खोक्यावर ताडपत्री. एकदा पावसात गोळ्यांचे डबे भिजले. आतली पाकिटं ठणठणीत होती, पण पुठ्ठा फुगलेला बघून दुकानदारानं साडेचार हजारांचा माल परत केला. त्याच आठवड्यात गाडी शोधायला लागलो.

2016 ची मिळाली, एका मास्तरांच्या हातातली. मीटरवर 61 हजार, किंमत 1 लाख 85 हजार. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही. 796 सीसी, तीन सिलिंडर, बारा इंची चाकं म्हटल्यावर ज्याला कळायचं त्याला कळतं. आज मीटर 97 हजारांवर आहे. डॅशबोर्डच्या खणात एक शंभर पानी वही ठेवली आणि पेट्रोलपासून पंक्चरपर्यंत सगळं लिहीत गेलो. खालचे आकडे त्या वहीतले आहेत.

आधी पेट्रोल. माल भरून, एसी बंद, साठच्या आत चालवली तर लिटरला 18-19. मे महिन्यात एसी लावून 15. गेल्या काही महिन्यांत एखाद किलोमीटर कमी झालंय. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं आणि एप्रिल 2023 च्या आधीच्या गाड्या त्या हिशोबानं बनलेल्या नाहीत, हे खरं. पण माझे टायरही झिजलेत, त्यामुळं सगळा दोष इथेनॉलवर टाकणार नाही. एकूण किलोमीटरला सहा रुपये धरून चाला.

दुरुस्ती, सर्व्हिसिंग, टायर मिळून 57 हजार लागले, म्हणजे किलोमीटरला एक रुपया साठ पैसे. हा आकडा मला वाईट वाटत नाही. पण तो फोडून बघितला तेव्हा डोकं खाजवलं. पहिल्या सात महिन्यांत 39 हजार, नंतरच्या सात महिन्यांत 18 हजार. चारही टायर पहिल्या हिशोबात आलेत, म्हणून फरक थोडा फुगलेला दिसतो. तरी टायर सोडूनसुद्धा 28 विरुद्ध 18. गाडी तीच, मिस्त्री तोच, फेरीही तीच.

पहिल्या सात महिन्यांत मी दोन चुका करत होतो. एक, सलाईन. आमच्या भागात अंगात कणकण आली तरी माणूस डॉक्टरला म्हणतो, एक बाटली लावून द्या. त्यामुळं सलाईनला मरण नाही. अर्धा लिटरच्या 24 बाटल्यांची पेटी बारा-तेरा किलोची होते. मागची सीट पाडली की अठरा पेट्या आरामात बसतात, म्हणून मी अठरा भरायचो. म्हणजे सव्वादोनशे किलो, सगळं मागच्या चाकांवर, वर बाकीचा माल आणि मी. गाडीत जागा आहे म्हणजे ताकद आहे असं नसतं, हे मला दोन शॉकअप, मागचे बुश आणि एक क्लचप्लेट गेल्यावर कळलं. आता आठच्या वर पेट्या भरत नाही आणि त्यातल्या चार पुढच्या सीटच्या मागं, अगदी चिकटवून ठेवतो. उरलेल्या दुसऱ्या फेरीला.

दुसरी चूक पांदणीची. काही दुकानं मुख्य रस्त्यापासून दोन-तीन किलोमीटर आत आहेत. "आणून द्या ना भाऊ" म्हटलं की आपण जातो. ऑगस्टमध्ये मोहद्याकडच्या एका रस्त्यावर पाणी साचलेलं होतं. ट्रॅक्टरनं खोल चाकोऱ्या पाडल्या होत्या, मधला उंचवटा पाण्याखाली. खालून 'ठक्क' आवाज आला. मी म्हटलं दगड असेल, चालवत राहिलो. शंभरेक फूट गेल्यावर ऑइलचा लाल दिवा लागला. आरशात बघतो तर मागं पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा पट्टा. तिथल्या तिथं इंजिन बंद केलं, त्यानंच इंजिन वाचलं. इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर फुटलं होतं. गाडी ट्रॅक्टरनं ओढून आणली. मिस्त्रीनं खाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, "भाऊ, बंडीच्या रस्त्यानं गाडी कायले टाकता? बंडीचं पोट वर रायते, हिचं खाली हाय ना." बंडी म्हणजे आमच्याकडची बैलगाडी. वेल्डिंग, नवं ऑइल, मजुरी मिळून 3,400. त्याच वेळी खाली लोखंडी गार्ड बसवून घेतलं. हे गाडी घेतल्या दिवशीच करायला हवं होतं.

जानेवारीपासून नियम केला : गाडी फाट्यापर्यंत. आतले दुकानदार फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर येऊन माल नेतात, आणि ज्याला ते जमत नाही त्याच्यासाठी टपरीवाल्याच्या पोराला खोक्यामागं दहा रुपये देतो, तो सायकलवर पोचवतो. एका दुकानदारानं रुसून दुसऱ्याकडून माल घ्यायला सुरुवात केली. बाकीचे टिकले. यंदाच्या पावसाळ्यात सस्पेन्शनला हात लावावा लागला नाही.

काळ्या मातीची एक गोष्ट सांगतोच, कारण याच्यापायी मी दोनदा पैसे वाया घालवले. पन्नास-साठच्या वेगाला स्टिअरिंग थरथरायचं. अलाइनमेंट केलं, बॅलन्सिंग केलं, आठवड्यानं पुन्हा तेच. शेवटी पंक्चरवाल्यानं चाक काढलं तर रिमच्या आतल्या बाजूला मातीचा मुठीएवढा गोळा वाळून विटेसारखा चिकटलेला. तेवढ्या वजनानं बारा इंची चाक डगमगतं. आता डिक्कीत खुरपं असतं आणि चिखलातून आलो की माती ओली असतानाच चाकं खरवडतो. वाळली की छिन्नीशिवाय निघत नाही.

बाभळीच्या काट्यांना ट्यूबलेस टायर बरा. बारीक काटा दिसला तर रस्त्यात उपसू नका, हवा एकदम जाते. तसंच पंक्चरच्या दुकानापर्यंत जा. बारा व्होल्टवर चालणारा हवेचा छोटा पंप ठेवलाय, त्यानं चार वेळा लाज राखली.

उन्हाळा वेगळाच. मे महिन्यात इकडं पारा 45 च्या वर जातो आणि इन्सुलिनला 2 ते 8 डिग्री लागतात. थर्माकोलच्या पेटीत बर्फाच्या जेलच्या पिशव्या, आणि पिशवी व औषध यांच्यामध्ये पुठ्ठा, कारण इन्सुलिन गोठलं तरी वाया जातं. ही पेटी पुढच्या सीटच्या पायाजवळ एसीच्या वाऱ्यात ठेवतो. डिक्कीत कधीच नाही. एसी चालू आणि आठ पेट्या मागं असल्या की हे इंजिन चढावर धापा टाकतं, मग चढापुरता एसी बंद. याच काळात गरम होऊन एकदा बंद पडली. चूक माझीच. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी टाकत होतो. ज्या पाण्यानं चहाच्या भांड्याला पांढरा थर बसतो ते रेडिएटरच्या बारीक नळ्यांत काय करणार? 4,200 गेले. आता तयार कूलंट, आणि अगदीच अडलं तर बॅटरीत घालायचं पाणी.

सोयाबीन निघालं की शेतकरी ते डांबरी रस्त्यावर पसरवतात, गाड्यांच्या चाकांनी मळणी होते. त्यांचं काम होतं, पण काड्या आपल्या गाडीखाली गुंडाळल्या जातात. एकदा जळका वास आला म्हणून थांबलो तर सायलेन्सरपाशी कुटार, म्हणजे भुसा, धुपत होतं. त्या दिवसांत रोज संध्याकाळी वाकून खाली बघायचं. मग घरोघरी धान्य येतं, त्यामागं उंदीर येतात आणि गाडीच्या उबेला बसतात. माझी हेडलाइटची वायर कुरतडली. कोणी सांगितलं तंबाखूची पुडी ठेवा, ठेवली, दोन दिवसांत पुडीच फाडलेली. मिस्त्री म्हणे, "उंदराले बी खर्रा लागते आता." बॉनेट रात्री उघडं ठेवणं हाच उपाय मला लागू पडला, आत अंधार आणि ऊब राहत नाही.

इंजिनाबद्दल थोडकंच, कारण त्यानं त्रास दिला नाही. दर 5 हजाराला ऑइल बदललं, धुळीमुळं एअर फिल्टर त्याच्या निम्म्यात झटकतो. या इंजिनाला चेन नाही, टायमिंग बेल्ट आहे. जुनी घेतली आणि बेल्ट कधी बदलला ते मालकाला सांगता येत नसेल तर पहिल्याच महिन्यात बदलून टाका. मी 88 हजारापर्यंत ढकललं, ते धाडस होतं.

आता जे कोणी बोलत नाही ते. पांढऱ्या पाटीच्या खाजगी गाडीची विमा पॉलिसी काढून वाचा. भाड्यानं वापर चालणार नाही, आणि नमुने व स्वतःचं प्रवासाचं सामान सोडून मालवाहतूक चालणार नाही, असं त्यात छापलेलं असतं. मी ते पाच महिन्यांनी वाचलं. एजंटला विचारलं तर म्हणाला, कोण बघतंय. अपघात झाला की कंपनी बघते. मला व्यावसायिक गाडीच्या पिवळ्या पाटीची भीती परमिटमुळं वाटायची, पण 3,000 किलोच्या आत एकूण वजन असलेल्या मालगाडीला परमिट लागतच नाही. फिटनेसचा दाखला आणि व्यावसायिक विमा मात्र लागतो. तेव्हा घरचं हिंडणं, एवढ्यासाठी ही गाडी डोळे मिटून घ्या. रोज दुसऱ्याचा माल पोचवायचा असेल तर थोडं थांबून, पैसे जमवून, छोटी मालवाहू व्हॅनच घ्या. मी तेच करतोय, दिवाळीनंतर.

तोवर हिचीच साथ. परवापासून मागच्या डाव्या चाकातून 'घूं' असा आवाज येतो, वळणावर वाढतो. बेअरिंग असणार. रविवारी फेरी नसते, तेव्हा खोलायचं ठरलंय.