गहू टाळून सुपरमार्केटची फेरी, नाशिक

दुकान आहे गंगापूर रोडच्या बाजूचं, एका मोठ्या साखळीचं. नाव मुद्दामच देत नाही, कारण खाली जे लिहिलंय ते थोड्याफार फरकानं अशा कुठल्याही सुपरमार्केटला लागू पडेल. खरेदी सासूबाईंसाठी. साठी उलटल्यावर त्यांना सिलियाक निघाला, म्हणजे गव्हासारख्या धान्यांतल्या ग्लुटेन या प्रथिनानं आतड्याला इजा होते तो आजार. आधी रक्ताची टीटीजी तपासणी, मग एंडोस्कोपी आणि बायोप्सी, आणि शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की गहू, जव आणि राय (मोहरी नव्हे, गव्हासारखं एक धान्य) कायमचे बंद. ‘सणासुदीला थोडंसं चालेल का?’ हे घरातल्या प्रत्येकानं आपापल्या परीनं विचारून पाहिलं. चालत नाही. ज्यांना ‘गहू सोडला की हलकं वाटतं’ म्हणून ग्लुटेन-फ्री खायचंय त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू जरा जास्तच खडूस वाटेल. त्यांनी किमती वाचाव्यात आणि बाकी सोडून द्यावं.

सुरुवात त्या पाटीच्या शेल्फपासून. सुक्या मेव्याच्या पलीकडे, ग्रीन टीच्या शेजारी ‘हेल्थ फूड’ असं लिहिलेला एक कप्पा आहे आणि ग्लुटेन-फ्री माल तिथे ठेवतात. ठेवतात म्हणजे कोंबतात. शुगर-फ्री बिस्किटं, कीटोचं काहीतरी, क्विनोआ, मल्टीग्रेन आटा, मुसली आणि त्यातच खरोखरचं ग्लुटेन-फ्री पीठ. मल्टीग्रेन आट्यात पहिला मान गव्हाचाच असतो, हे दुकानवाल्यांच्या गावीही नाही. नवीन निदान झालेल्या माणसानं नुसती जागा बघून पिशवी उचलली तर झालंच कल्याण. या एका गोष्टीसाठी मी थेट गुण कापते. कप्पा छोटा चालेल, पण त्यात सरमिसळ नको.

खऱ्या ग्लुटेन-फ्री मालाची ओळख सोपी आहे. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नसेल तरच तसं लिहिता येतं. त्यामुळे पाकिटावर स्पष्ट ‘ग्लुटेन फ्री’ असेल तर मी विश्वास ठेवते. ‘मिलेट’, ‘एन्शंट ग्रेन’, ‘नो मैदा’ यातलं काहीही त्याची जागा घेत नाही. ‘नो मैदा’ म्हणजे बहुतेक वेळा कणीक.

२०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं तेव्हापासून तर या गोंधळाला ऊत आलाय. नागलीची बिस्किटं घ्या. पुढे नागलीच्या कणसाचा झकास फोटो, तपकिरी कागद, गावरान अक्षरं. मागे घटक वाचा, पहिलाच शब्द गव्हाचं पीठ किंवा मैदा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहायचे असतात, म्हणजे पहिला जो आहे तो सगळ्यात जास्त. नागली चौथी-पाचवी, साखर आणि तेलाच्याही मागे. मिलेट नूडल्सची तीच गत. ज्या जिल्ह्यात सुरगाणा-पेठकडे घरोघर नागली पिकते, तिथल्या दुकानात नागलीच्या नावावर मैदा विकला जावा याचा मला राग येतो, सिलियाक असो वा नसो.

आता किमती. मी शेवटचं गेले तेव्हा साधी कणीक किलोला ५० रुपयांच्या आसपास होती आणि ग्लुटेन-फ्री पीठ २०० च्या वर. त्यात तांदूळ, ज्वारी, टॅपिओका वगैरे आणि चिकटपणासाठी झँथन गम. गार पाण्यात मळलं तर पोळपाटावरच चिरतं. तांदळाच्या भाकरीसारखी उकड काढून, झाकून ठेवून, गरम असतानाच मळलं तर लाटता येतं. पोळी होते, फुगत मात्र नाही, आणि निवली की वातड. सासूबाईंनी एक खाल्ली, दुसरी बाजूला सरकवली आणि म्हणाल्या, “अगं, हिला पोळी म्हणायचं तर पोळीनं काय करायचं? मला आपली भाकरीच बरी.” पास्ता बरा आहे, पाकिटावर लिहिलंय त्यापेक्षा एक-दोन मिनिटं आधी उतरवला तर. नाहीतर लापशी. कुकीज महाग, कोरड्या, आणि ‘गोड भुसा’ हा सासूबाईंचा शेरा मी जसाच्या तसा नोंदवते.

तेव्हा पाटीच्या शेल्फवरून आम्ही आता जवळपास काहीच घेत नाही. आमची खरी खरेदी होते उपवासाच्या कप्प्यात.

या दुकानाचा उपवासाचा कप्पा उत्तम आहे, आणि हे मी मनापासून लिहितेय. भगर, साबुदाणा, राजगिऱ्याचं पीठ, राजगिऱ्याच्या लाह्या, शिंगाड्याचं पीठ, उपवासाची भाजणी, बटाट्याचा कीस, शेंगदाण्याची चिक्की. यातल्या कशातच मुळात ग्लुटेन नाही. भगर तर आपल्या जिल्ह्याचाच माल, घोटी-इगतपुरीकडची. निदान झालं त्या दिवशी घरात सुतकी चेहरे करून बसलो होतो, आणि सासूबाईंनी यादी ऐकून सांगितलं, “म्हणजे रोजचीच एकादशी की! आणि एकादशी दुप्पट खाशी.” त्यानंतर त्यांनी भगरीचे डोसे, राजगिऱ्याच्या पिठाची धिरडी, शिंगाड्याचा शिरा असं काय काय सुरू केलं. शिंगाड्याचा शिरा साजूक तुपात खमंग भाजून केला तर रव्याची आठवण येत नाही. मला तरी येत नाही.

या कप्प्याबद्दल दोन तक्रारी. श्रावणापासून नवरात्रापर्यंत तो ऐसपैस पसरलेला असतो, दिवाळीचा माल आला की आक्रसून एका कोपऱ्यात जातो, आणि मग राजगिऱ्याचं पीठ महिनोन्‌महिने दिसत नाही. पीठ साठवूनही ठेवता येत नाही, खवट होतं. दुसरी तक्रार जास्त गंभीर. उपवासाला चालतं याचा अर्थ त्या गिरणीत गहू नव्हता असा होत नाही. काही पाकिटांवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की याच जागी गव्हावरही प्रक्रिया होते. ती पाकिटं मी परत ठेवते. सुट्या धान्याच्या पिंपांकडे तर वळायचंच नाही. भगरीच्या पिंपाशेजारी रव्याचं पिंप, आणि परवापरवापर्यंत माप दोन्हींत एकच फिरायचं. एका बाईंनी रव्यातलं माप काढून माझ्यासमोर भगरीत खुपसलं. त्यांचा काय दोष? माप एकच ठेवलं होतं.

ज्वारी-बाजरीच्या तयार पिठाचंही हेच दुखणं. ज्वारीचं पीठ ग्लुटेन-फ्री पिठाच्या निम्म्याहून कमी दरात मिळतं, पण पाकिटाच्या मागे गव्हाचा इशारा असतो. म्हणजे स्वस्त आहे ते खात्रीचं नाही आणि खात्रीचं आहे ते परवडत नाही. आम्ही यातून वाट काढली ती अख्खी ज्वारी आणि घरघंटी. घरघंटीत गहू कधीच दळायचा नाही, आमच्या पोळ्यांची कणीक बाहेरून येते. दुकानातली अख्खी ज्वारी चांगली असते, टपोरी आणि स्वच्छ. तरीही सासूबाई सूप घेऊन गॅलरीत निवडायला बसतात, आणि गव्हाचा दाणा सापडला की टाकून देत नाहीत, वाटीत जमवून संध्याकाळी मला दाखवतात. चोर पकडल्याचा आनंद असतो तोंडावर. मग ज्वारी धुऊन, कडकडीत वाळवून दळायची.

आता हिंग. ज्यांच्या घरी नुकतंच निदान झालंय त्यांनी बाकी काही नाही वाचलं तरी हा परिच्छेद वाचावा. आपण बाजारातून आणतो तो डबीतला हिंग बांधणीचा असतो. शुद्ध हिंग इतका उग्र की त्यात डिंक आणि पीठ मिसळूनच तो विकतात. ते पीठ पुष्कळदा गव्हाचं असतं, काही ब्रँडमध्ये तांदळाचं. मसाल्याच्या रांगेत मी डब्या फिरवून वाचत उभी होते, अक्षरं मुंगीएवढी, तर तिथली एक मुलगी मदतीला आली.

“ताई, काय शोधताय?”

“गहू नसलेला हिंग.”

“हिंगात कुठं गहू असतो, ताई?” ती हसलीच. मग मोबाइलचा टॉर्च लावून तिनं स्वतः डबी वाचली, दुसरी वाचली, तिसरी वाचली. “अगंबाई, सगळ्यांतच आहे की! आमच्याकडं रोज फोडणीला हाच.” चौथ्या डबीवर तांदळाचं पीठ निघालं. तेव्हापासून मी दिसले की ती लांबूनच सांगते, तुमचा हिंग आलाय किंवा संपलाय. या दुकानाला मी जे काही गुण देतेय त्यातला निम्मा वाटा या मुलीचा.

हिंग कळला की मग लोणच्यांकडे बघण्याची नजरच बदलते. कैरीचं, लिंबाचं, मिरचीचं, सगळ्यांत हिंग, आणि बरणीवर कधी कंसात त्यातलं पीठ लिहिलेलं असतं, कधी खाली ठळक अक्षरात ‘गहू आहे’ असा इशारा. सांबार मसाला, उडदाचे पापड, चिवड्याचा तयार मसाला, सगळीकडे हेच तपासावं लागतं. पहिल्या महिन्यात ही रांग पार करायला जीव मेटाकुटीला येतो. नंतर चालणारे ब्रँड पाठ होतात, तरी पाकिटाचं रूप बदललं की पुन्हा वाचायचं, कारण कंपन्या घटक बदलतात आणि कुणाला सांगत नाहीत.

बचत गटांच्या मालाचं एक कपाट दुकानानं दाराशी ठेवलंय, कौतुकाची गोष्ट आहे. नागलीचे पापड तिथलेच घ्यावेत, पण विचारून. मेतकूट मात्र नाही, त्यात मूठभर गहू परंपरेनंच असतो. थालीपिठाच्या भाजणीतही असतो. चकलीची भाजणी बहुतेक तांदूळ आणि डाळींची, तरी घटक बघूनच. सातूचं पीठ तर नकोच नको. कुरडया गव्हाच्या चिकाच्या, त्या सोडून तांदळाच्या किंवा साबुदाण्याच्या फेण्या घ्याव्यात. मेतकूट आता आम्ही घरी गहू वगळून करतो. चवीत फरक कुणालाच कळला नाही, नवऱ्यालाही, आणि तो मऊ भातावर मेतकूट-तूप हा विषय फार मनावर घेतो.

बाकीचं भराभर सांगते. सोया सॉसमध्ये गहू असतो, म्हणून घरचा चायनीज बेत सध्या मीठ-मिरपूड आणि व्हिनेगरवर, तेही साधं, माल्टचं नव्हे. दुधात घालायच्या पावडरींमध्ये माल्ट म्हणजे बहुधा जव. कॉर्नफ्लेक्स मक्याचे म्हणून बिनधास्त घेऊ नका, बऱ्याच खोक्यांवर माल्टचा अर्क निघतो. ढोकळ्याच्या आणि डोशाच्या तयार पिठांत रवा किंवा मैदा डोकावतो. ओट्स मुळात निराळे, पण शेतापासून गिरणीपर्यंत गव्हाच्या संगतीत राहतात, त्यामुळे ग्लुटेन-फ्री लिहिलेले असतील तरच, तेही डॉक्टरांना विचारून. पोहे, चुरमुरे, मोदकाची पिठी यांचं सुख आहे, फक्त पाकीटबंद घ्या. आणि तांदळावर, हळदीवर, मिठावर ‘ग्लुटेन फ्री’ छापून चार पैसे जास्त लावणाऱ्यांना आमचा साष्टांग नमस्कार.

पाचात किती? मालाला साडेतीन, मांडणीला दीड, माणसांना चार. मॅनेजरसाहेबांकडे दोन मागण्या केल्यात. मल्टीग्रेन आटा त्या कप्प्यातून हलवा आणि सुट्या धान्याच्या प्रत्येक पिंपाला वेगळं माप साखळीनं बांधा. “वरती कळवतो, मॅडम,” म्हणाले. मापं बांधली गेलीत. आटा अजून तिथेच आहे.

त्यांच्या घरपोच सेवेबद्दल वेगळं सांगायला हवं. एकदा पावसात बाहेर पडायला नको म्हणून मोबाइलवरून यादी दिली. तांदळाच्या पिठाचा हिंग संपला होता, तर कुणीतरी सद्भावनेनं दुसऱ्या ब्रँडचा टाकला, दोन रुपये स्वस्त पडला म्हणून बिलात वजावटही दिली. सासूबाईंनी चष्मा लावून डबी वाचली आणि न बोलता माझ्यापुढे ठेवली. ऑर्डर देताना अगदी शेवटी, पैसे भरायच्या पानाच्या आधी, ‘माल नसल्यास पर्याय पाठवा’ असं एक छोटं खूण केलेलं चौकट असतं. ती खूण आधी काढायची आणि मगच पैसे भरायचे.