गदागदा हलवल्यावर दिवे लागणारी बाहुली: प्रशिक्षणात कितपत कामाची?

तान्ह्या बाळाला गदागदा हलवलं तर मेंदूला काय होतं, हे दाखवायला ही बाहुली. बटण दाबलं की ती रडायला लागते आणि थोपटा, जोजवा, काहीही करा, गप्प होत नाही. डोकं पारदर्शक प्लास्टिकचं, आत मेंदूच्या भागांप्रमाणे दिवे, हालचाल टिपणारा सेन्सर. छातीला दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवलं की लुळी मान मागे-पुढे झुलते, मेंदूचे भाग उजळतात आणि रडणं मध्येच तुटतं.

ते रडणं तुटणं हाच तिचा सगळ्यात मोलाचा भाग. हलवणाऱ्याला वाटतं, बाळ शांत झालं. प्रत्यक्षात ते शुद्ध हरपत चाललेलं असतं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच अभ्यासात बाळाला हलवल्याची कबुली दिलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी असं पुन्हा पुन्हा केल्याचं सांगितलं, कारण रडणं थांबायचं. प्रात्यक्षिकात हा क्षण घाईने उरकू नका. रडणं दोन-तीन मिनिटं तसंच चालू द्या, मग हलवा, आणि नंतरची शांतता खोलीत टिकू द्या. बाळांचं रडणं साधारण दुसऱ्या महिन्यात कळस गाठतं आणि चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत ओसरतं, हेही त्याच वेळी सांगायचं. बाळाला पाळण्यात उताणं ठेवून, दार ओढून, दहा मिनिटं बाजूला जाणं सुरक्षित आहे, हे वाक्य प्रत्येक पालकाच्या कानावर पडलंच पाहिजे.

इजा कशी होते, हेही ती बरं दाखवते. तान्ह्याचं डोकं अंगाच्या मानाने जड, मान कच्ची. डोकं जोरात फिरलं की कवटी आणि मेंदू एका गतीने फिरत नाहीत; मेंदूवरून आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा ताणून तुटतात आणि रक्त साचतं. शिवाय श्वास अडखळला की प्राणवायू कमी पडून मेंदूला सूज येते.

आता खोट. दिवे कधी लागायचे, हे बनवणाऱ्याने ठरवलेलं असतं. ती खऱ्या बाळाची सहनशक्ती नव्हे. ‘दिवा लागला नाही म्हणजे चालतं’ असा समज करून कोणी घरी जाता कामा नये. उलट मांडीवर हलकेच खेळवण्याने अशी इजा होत नाही, हेही स्पष्ट सांगावं, नाहीतर साधे पालक उगाच धास्तावतात. बाहुलीत आपटण्याचा आघातही नाही. ‘शेकन बेबी सिंड्रोम’ हे फक्त हलवण्यावर बोट ठेवणारं नाव अपुरं पडतं म्हणून अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००९ मध्ये ‘अत्याचारातून झालेली डोक्याची इजा’ या अर्थाचा शब्द सुचवला. हलवून गादीवर आपटलेल्या बाळाच्या डोक्यावर बाहेरून काहीच दिसत नाही, असं होऊ शकतं.

आणि ओळखायचं कसं, हे बाहुली अजिबात शिकवत नाही. परिचारिका आणि डॉक्टरांसाठी ही उणीव मोठी आहे. १९९९ च्या एका अमेरिकन अभ्यासात अशी इजा झालेल्या १७३ मुलांपैकी ५४ जणांचं निदान पहिल्या भेटीत हुकलं होतं. कारण उघड आहे: बाळ उलट्या करतं, दूध घेत नाही, किरकिरतं किंवा मलूल पडतं, आणि पोटाचा विकार समजून घरी पाठवलं जातं. उलट्या आहेत पण जुलाब नाहीत, ताप नाही, तर टाळू फुगली आहे का, चाचपून बघा. फिट, श्वास थांबणे, फिकटपणा असेल तर थांबायला वेळच नाही.

कपडे पूर्ण काढून तपासा. टेन-फोर-फेसेस-पी हा मारहाणीचा संशय घ्यावा असे डाग ओळखण्याचा नियम चार वर्षांखालच्या मुलांसाठी आहे: धड, कान, मान, जबड्याचा कोन, गालाचा मांसल भाग, पापण्या, डोळ्याचा पांढरा भाग, ओठाला आतून हिरडीशी जोडणारी पट्टी यांवरचा काळानिळा डाग किंवा रक्त, किंवा ठशासारखा वळ. पाच महिन्यांखालच्या बाळाच्या अंगावर कुठेही काळानिळा डाग दिसला तरी चौकशी हवीच. जे बाळ कुशीवरही वळत नाही, ते आपटणार कुठे?

पुढची पायरी: तातडीने डोक्याचा सीटी, नंतर एमआरआय, डोळ्याची बाहुली औषधाने विस्फारून नेत्रतज्ज्ञांकडून दृष्टिपटलाची तपासणी, दोन वर्षांखाली सगळ्या हाडांचे एक्स-रे आणि साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे, कारण ताजा बरगडीचा तडा पहिल्या फिल्मवर निसटतो. रक्त गोठण्याचे दोष, क जीवनसत्त्व नव्हे तर ‘के’ची कमतरता, आणि चयापचयाचा जन्मजात आजार असलेला ग्लुटॅरिक अ‍ॅसिड्युरिया तपासायलाच हवेत; चुकीचा आरोपही घर उद्ध्वस्त करतो. हकिगत ज्याच्या त्याच्या शब्दांत, वेळ टाकून लिहा. ती दर वेळी बदलत असेल, तर ते नोंदीतच दिसतं.

पालकवर्गासाठी बाहुली जरूर घ्या. रुग्णालयासाठी घेणार असाल, तर पेटीत न ताणणारी मोजपट्टी आणि वाढीचा तक्ताही ठेवा. पट्टी भुवयांच्या वरून आणि मागच्या उंचवट्यावरून फिरवून तीनदा मोजा, सर्वांत मोठा आकडा लिहा. जुन्या नोंदीच्या मानाने डोक्याचा घेर तक्त्यातली रेषा ओलांडून वर जात असेल, तर आत साचणाऱ्या रक्ताची ती पहिली खूण असू शकते.