वेग चांगला, बिलाची तक्रार ऐकणारं कोणी नाही

घोडबंदर रोडवरच्या या फायबर कनेक्शनचा वेग सांगितल्याइतका मिळतो. पण बिल चुकलं की ग्राहकसेवा गायब. कॉल सेंटरचा मेनू 'थकबाकी भरा'पाशीच अडकतो, चॅटवर तेच साचेबंद उत्तर येतं आणि केबलवाला हात वर करतो, कारण बिल कंपनीच्या सर्व्हरवर तयार होतं.

सर्वांत मोठी लूट कनेक्शन बंद करताना होते. राउटर परत घेतल्याची नोंद सिस्टिममध्ये होत नाही, म्हणून बिल चालूच राहतं. राउटर देताना मागचा सिरियल नंबर, अडॅप्टरसकट फोटो आणि सही-शिक्क्याची पावती घ्याच. बिलाचा हिशेबही करून बघा: ७९९ रुपयांच्या प्लॅनवर १८ टक्के जीएसटी धरून ९४२ रुपये ८२ पैसे होतात. त्यावरचा प्रत्येक रुपया कशाचा, हे लेखी विचारा.

फोनवर 'नोंद केली' एवढ्यावर थांबू नका, डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, मागा. तो नसेल तर पुढे अपील करताना अडचण होते. उत्तर पटलं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जा. त्याला शुल्क नाही आणि निकाल ३९ दिवसांत द्यावा लागतो. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक, वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, तिथे वेळ घालवू नका. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतही बोलता येतं. शेवटी ठाण्याचा जिल्हा ग्राहक आयोग आहेच. दूरसंचार तक्रारी तिथे चालतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय.

वेगाला चार तारे, बिलिंगला एकही नाही. वर्षभराचे पैसे आगाऊ भरू नका.