'फेथ', खंड १ : वजन आहे, आणि उडतेही

कॉमिक्समध्ये लठ्ठ माणसाच्या वाट्याला येणारी कामं ठरलेली: विनोदी मित्र, खादाड, नाहीतर मार्व्हलच्या 'ब्लॉब'सारखा खलनायक. १९६४ मधल्या या ब्लॉबला कुणी जागचं हलवू शकत नाही, म्हणजे त्याची चरबी हीच त्याची शक्ती. व्हॅलिअंट या कॉमिक्स प्रकाशनाची नायिका फेथ हर्बर्ट मात्र उडते. तेही मनाच्या बळावर, त्यामुळे 'एवढं वजन उचललं कसं जातं' हा प्रश्नच निकालात निघतो. नवी नायिका रचणाऱ्याने पहिली गोष्ट हीच उचलावी: शक्ती शरीराच्या आकारातून काढू नये.

फेथ मुळात १९९२ च्या 'हार्बिंजर' या कॉमिक मालिकेतली. स्वतंत्र मालिका मिळाली २०१६ मध्ये. लेखिका जोडी हाउझर यांनी पहिल्या चार अंकांत, म्हणजे या खंडात, वजनाला कथेचा विषय केलेलंच नाही. फेथ लॉस एंजेलिसमध्ये विग आणि चष्मा लावून, समर स्मिथ या नावाने नोकरी करते. कॉमिक्सचं वेड, दिवास्वप्नं, थोडा भाबडेपणा, तिचा स्वभाव यातून उभा राहतो.

खरा ऐवज चित्रांत आहे. वास्तव फ्रान्सिस पोर्तेला रेखाटतात, दिवास्वप्नं मार्गेरीट सोवाज. नवखे चित्रकार सडपातळ आकृती आडवी ताणतात, तिथेच चित्र फसतं. हाडं तीच राहतात. मांस वाढतं पोट, कंबरेच्या बाजू, दंड, मांड्या आणि हनुवटीखाली. मनगट आणि घोटा तुलनेने बारीकच राहतो. पालथं उडताना पोट जमिनीकडे ओघळायला हवं, उभं असताना कंबरपट्ट्यावर. बहुतेक जण दोन्हीकडे एकच पोट काढतात! कापडाच्या चुण्या काखेतून आणि जांघेतून फुटतात, पोटाच्या फुगवट्यावर कापड ताणलेलं असतं. फेथचा पोशाख पांढरा आहे, म्हणून सावली दिसते आणि गोलाई कळते. बारीक दिसावी म्हणून काळा रंग दिला, तर आकारच गिळला जातो. पाठीवरच्या लांब केपचंही तेच, शरीर लपवण्यासाठी ती नको.

कथा त्यामानाने पातळ. खलनायक घाईत येतात, घाईत आटोपतात. शिवाय 'व्हाइन' हे परग्रहवासी व्हॅलिअंटच्याच 'एक्स-ओ मॅनोवॉर' या मालिकेतून आलेले. ते न वाचलेल्याला संदर्भ अर्धेच लागतात. चित्रकाराने हा खंड जरूर घ्यावा. निव्वळ कथेसाठी घेणाऱ्याने आधी २०१२ मध्ये नव्याने सुरू झालेली 'हार्बिंजर' मालिका वाचावी.