बी.आर्क. घ्यायचा विचार असेल तर आधी हे वाचा (पूर्ण कोर्सचा रिव्ह्यू)

रेटिंग ५ पैकी ४.

माझं बी.आर्क. (आर्किटेक्चरची डिग्री) नुकतंच संपलं, पुण्यात केलं, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन पण झालंय. दरवर्षी बारावीचा निकाल लागला की नात्यातल्या कोणाचा ना कोणाचा फोन येतोच, आमच्या पोरीला आर्किटेक्चरला टाकायचंय, कुठलं कॉलेज चांगलं, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकते. हा एका कॉलेजचा रिव्ह्यू नाही, अख्ख्या रस्त्याचा आहे.

पहिली गोष्ट, पाच वर्षं आणि दहा सेमिस्टर देऊन नक्की मिळतं काय. १९७२ च्या आर्किटेक्ट्स ॲक्टप्रमाणे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असेल तरच स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येतं, आणि नोंदणीसाठी मान्यता असलेल्या कॉलेजचीच डिग्री लागते. इंटिरियरचा कोर्स किंवा सिव्हिल करून ते होत नाही, ॲडमिशन एजंट काहीही सांगू देत. डिग्रीनंतर मात्र वेगळी लायसन्सची परीक्षा नाही, सरळ अर्ज करायचा, हा खरंच मोठा फायदा आहे, ब्रिटनमध्ये पार्ट वन, टू, थ्री असे टप्पे पार करत किती वर्षं जातात ते तिकडे गेलेल्या सीनियर्सना विचारा. आणि नामवंत आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींचं उदाहरण देणारे काका प्रत्येक घरात असतात, की ते आपल्या पुण्याचे, मुंबईचं जे.जे. कॉलेज अर्धवट सोडून गेले, ल कॉर्बुझिए या जगप्रसिद्ध आर्किटेक्टकडे काम केलं आणि २०१८ ला प्रित्झकर हे आर्किटेक्चरचं सगळ्यात मोठं बक्षीस मिळवलं, मग डिग्री कशाला. अहो काका, त्यांनी जे.जे. सोडलं तेव्हा हा कायदाच नव्हता.

आता परीक्षा. इथे सगळ्यात जास्त घोळ होतो कारण पालकांना वाटतं एमएचटी-सीईटी दिली की झालं. ती इथे चालत नाही. नाटा (आर्किटेक्चरची ॲप्टिट्यूड टेस्ट) द्या किंवा जेईई मेनचा पेपर टू (त्यातला आर्किटेक्चरचा पेपर), आणि राज्याच्या कॅप राउंडमध्ये, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीत, बारावीचे मार्क आणि या परीक्षेचे मार्क निम्मे-निम्मे धरतात, त्यामुळे ड्रॉइंग छान आहे म्हणून बारावीकडे दुर्लक्ष करणाऱ्यांचं नुकसान होतं आणि उलटंही होतं. नाटा २०० मार्कांची, त्यातले ८० हाताने काढायच्या ड्रॉइंगचे, बाकी १२० कॉम्प्युटरवर. पेपर टू ४०० चा, त्यात १०० गणिताचे, २०० ॲप्टिट्यूडचे, १०० ड्रॉइंगचे. माझं स्पष्ट मत, दोन्ही द्याच. फक्त नाटा दिली तर नागपूरचं व्हीएनआयटी आणि दिल्ली, भोपाळ, विजयवाड्याचं एसपीए (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर) हे दरवाजे बंद, कारण तिथे जेईईवरून जोसा या देशपातळीवरच्या प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश होतो आणि सरकारी संस्था असल्याने तिथली फी आपल्याकडच्या बऱ्याच प्रायव्हेट कॉलेजांपेक्षा पुष्कळ बरी असते. खरगपूर, रुरकीच्या आयआयटीत जायचं असेल तर जेईई ॲडव्हान्स्ड क्लिअर करून वर एएटी ही आर्किटेक्चरची वेगळी परीक्षा पास व्हावी लागते. म्हणजे हे सगळं अकरावीतच ठरवायला लागतं, बारावीच्या मे महिन्यात नाही. आणि गणित सोडू नका प्लीज, गणिताशिवाय बी.आर्क.ला प्रवेशच नाही.

दहावीनंतर डिप्लोमा करणाऱ्यांसाठी एक महत्त्वाचं. इंजिनिअरिंगमध्ये डिप्लोमावाले थेट सेकंड इयरला जातात तसं इथे नाही, आर्किटेक्चरला फर्स्ट इयरपासूनच सुरुवात, म्हणजे तीन अधिक पाच. आमच्या बॅचमधल्या डिप्लोमावाल्यांचा हात खूप चांगला होता, वर्किंग ड्रॉइंग तर ते आम्हालाच शिकवायचे, पण घरच्यांनी आठ वर्षांची तयारी ठेवावी.

कॉलेज. मुंबईत जे.जे.चं नाव आहेच, आता तर २०२३ पासून अभिमत विद्यापीठ झालंय, कोकणातल्या आचऱ्याचे नामवंत आर्किटेक्ट अच्युत कानविंदेही तिथेच शिकले. मग प्रभादेवीला रचना संसदची अकॅडमी, जुहूला कमला रहेजा, पुण्यात मुलींसाठी कर्वेनगरचं भानुबेन नानावटी, गोव्यात पणजीला आल्तिनोवरचं सरकारी कॉलेज. पण नावांची यादी घेऊन बसू नका. कौन्सिलच्या साइटवर कॉलेजचं नाव आणि मंजूर जागा आहेत का ते बघा, आणि मग कॉलेजात स्वतः जाऊन या, शक्यतो टर्म संपताना, तेव्हा भिंतींवर मुलांच्या ड्रॉइंगच्या शीट्स लागलेल्या असतात. रिसेप्शन, एसी ऑडिटोरियम, इमारतीची काच हे बघूच नका. थर्ड इयरची डिझाइनची शीट बघा. चाळीस जणांचे प्लॅन एकसारखे दिसले तर समजा की सर स्वतःचं डिझाइन मुलांकडून काढून घेतायत. प्रत्येकाचं वेगळं असेल, मॉडेल हाताने कापलेली असतील, बटर पेपरवरचे खोडलेले स्केचेस पण सोबत लावले असतील तर तिथे शिकवतात. मग एखाद्या मुलीला बाजूला घेऊन विचारा की जुरीला (मुलांचं डिझाइन समोर बसून तपासतात तेव्हा) बाहेरचे आर्किटेक्ट येतात का, संध्याकाळी स्टुडिओ उघडा असतो का, डिझाइनचे सर किती टिकतात. माझी एक मैत्रीण ज्या कॉलेजात होती तिथे कुलूप पाचला लागायचं आणि मुलं मॉडेल घेऊन पायऱ्यांवर बसायची, असल्या गोष्टी ब्रोशरमध्ये नसतात.

कारण शिक्षण स्टुडिओतच होतं. लेक्चर ठीक असतात, स्ट्रक्चर, सर्व्हिसेस, हिस्टरी सगळं आहे, पण खरं कळतं ते जुरीत, जेव्हा समोरचा माणूस तुमच्या प्लॅनवर बोट ठेवून विचारतो की ही आजी या खोलीतून बाथरूमला रात्री कशी जाणार. त्या प्रश्नाने मला जे शिकवलं ते कुठल्याच नोट्समध्ये नव्हतं. आणि डॉक्युमेंटेशन टूर! कोकणातल्या एका गावात आम्ही घरं मोजली, टेप धरून, पडवी, माजघर, मागचं न्हाणीघर, कौलांचा उतार, आणि तेव्हा समजलं की पावसाशी जुळवून घेणं कोणी शाळेत न जाता शिकलं होतं. टूर रद्द करून वर्गात पीपीटी दाखवणारं कॉलेज अजिबात घेऊ नका.

एक स्टार का कापला तर खर्च आणि नंतरचा पगार. फी सोडून माउंट बोर्ड, सनबोर्ड, सबमिशनच्या आदल्या रात्रीचे मोठे प्रिंट, टूर, हे सगळं वाढत जातं आणि प्रॉस्पेक्टसमध्ये कुठेच नसतं. इतकं करून पहिल्या नोकरीचा पगार इंजिनिअर भावंडांपेक्षा कमी असतो, हे पोरांना आधीच सांगा. ट्रेनिंगच्या सेमिस्टरला काही ऑफिसेस तर स्टायपेंडच देत नाहीत, मला हे अतिशय चुकीचं वाटतं आणि पालकांनी कॉलेजला याबद्दल प्रश्न विचारायलाच हवेत. तरी पुन्हा निवडायचं झालं तर हेच निवडेन.

आणि हो, ग्राफिक्स कार्डवाला महाग लॅपटॉप फर्स्ट इयरलाच घेऊ नका, पहिलं वर्ष बहुतेक हातानेच काढायचं असतं, सेकंड इयरला कॉलेजात कुठलं सॉफ्टवेअर वापरतात ते कळलं की मग घ्या.