जूफला जाणारी पिवळी बस : स्विस पोस्टआउटो सेवेचे परीक्षण

स्वित्झर्लंडच्या ग्राउब्युन्डेन प्रांतातील जूफ हे गाव समुद्रसपाटीपासून २,१२६ मीटर उंचीवर आहे आणि बारमाही वस्ती असलेले युरोपातील सर्वांत उंच गाव म्हणून ते ओळखले जाते. गावात जेमतेम तीस माणसे राहतात, आणि स्विस पोस्टाची पिवळी बस, म्हणजे पोस्टआउटो, उन्हाळा असो वा हिवाळा, या गावापर्यंत येते. पर्यटकांच्या अभिप्रायांत या मार्गाची स्तुती खिडकीतून दिसणाऱ्या देखाव्यासाठी केलेली असते आणि ती खरीच आहे; परंतु एवढ्या लहान, जर्मन बोलणाऱ्या शेतकरी वस्तीचे रोजचे जगणे कशावर उभे आहे, हे ज्यांना समजून घ्यायचे आहे, त्यांनी ही सेवा गावकऱ्यांच्या बाजूने पाहावी, असे मला वाटते.

झुरिकहून निघाल्यास कूर आणि थुझिसमार्गे आन्डेरपर्यंत यावे लागते आणि तिथे जूफची बस मिळते. हा प्रवास एकूण तीन तासांहून अधिक वेळाचा आहे, पण झुरिक स्थानकावर काढलेले एकच तिकीट रेल्वेला आणि बसला, थेट जूफपर्यंत चालते. गाडी आणि बस यांच्या वेळा एकमेकींशी जुळवलेल्या असतात, त्यामुळे बदलीच्या ठिकाणी ताटकळावे लागत नाही. ज्यांच्याकडे स्विस ट्रॅव्हल पास आहे त्यांना वेगळे पैसे भरावे लागत नाहीत. पास किंवा सवलतीचे कार्ड नसेल तर मात्र भाडे चांगलेच महाग पडते, हे आधीच सांगून ठेवतो.

आन्डेर सुमारे ९८० मीटरवर आहे, म्हणजे पुढच्या पाऊण तासाहून थोड्या अधिक वेळात बस अकराशे मीटरहून जास्त चढते. रोफ्लापाशी मोठा रस्ता सोडून ती फेरेराच्या अरुंद दरीत शिरते, आणि मग कधी डावीकडे तर कधी उजवीकडे आव्हर्सर ऱ्हाइन नदी खळाळत राहते. आंधळ्या वळणापूर्वी चालक तीन सुरांचा भोंगा वाजवतो. हे सूर रोसिनीच्या ‘विल्हेल्म टेल’ या ऑपेराच्या प्रारंभसंगीतातून घेतलेले आहेत. ज्या डोंगरी रस्त्यांवर निळ्या पाटीवर पिवळे पोस्टाचे शिंग रंगवलेले असते, तिथे समोरून येणाऱ्या वाहनचालकाने पोस्टआउटोच्या चालकाच्या सूचना पाळल्याच पाहिजेत, असा नियमच आहे. त्याने मागे घ्यायला सांगितले की गाडी मागे घ्यावी लागते.

बसमध्ये वाहक नसतो. तिकीट चालकच देतो. आन्डेरला एक आजीबाई दोन्ही हातांत सामानाच्या पिशव्या घेऊन चढल्या, तेव्हा चालकाने त्यांना नावाने हाक मारली, उठून एक पिशवी स्वतः आत घेतली आणि त्या बसेपर्यंत बस हलवली नाही. वर क्रेस्टा गावाजवळ त्या उतरल्या, तेव्हा त्यांनी थांब्याचे बटण दाबलेसुद्धा नव्हते. कुठे थांबायचे हे चालकाला ठाऊक होते. त्याने घाई केली नाही, तरीही बस जूफला ठरलेल्या मिनिटाला पोचली, याचे मला विशेष वाटले. वेळापत्रक आखतानाच माणसांना चढण्या-उतरण्यासाठी लागणारा वेळ त्यात धरलेला असला पाहिजे.

क्रेस्टा ओलांडल्यावर झाडे संपतात. दोन्ही बाजूंना नुसती कुरणे, त्यांवर गायी आणि मधूनच गवत साठवायची लाकडी कोठारे. सरपणासाठी लाकूड नसल्यामुळे इथले लोक पूर्वी मेंढ्यांच्या लेंड्यांचे खत विटांसारखे कापून, घराच्या सज्जात रचून वाळवत आणि हिवाळाभर तेच चुलीत घालत. आपल्याकडे भिंतीवर थापलेल्या गोवऱ्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना याचे नवल वाटणार नाही. हे लोक वाल्झर. त्यांचे पूर्वज तेराव्या शतकाच्या सुमारास वॉलिस प्रांतातून निघून ठिकठिकाणच्या उंच, ओसाड खोऱ्यांत वसले आणि त्यांनी आपली जर्मन बोली सोबत आणली. म्हणूनच खालच्या शाम्स खोऱ्याची परंपरागत भाषा रोमान्श असताना वरच्या आव्हर्समध्ये, म्हणजे जूफच्या खोऱ्यात, जर्मन बोलली जाते. दरीतला गाडीरस्ता एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाला. त्याआधी इथल्या माणसांचे येणे-जाणे बरेचसे खिंडी ओलांडून पलीकडच्या खोऱ्यांशी होते. या गावाला खालच्या जगाशी जोडणारा दुवा रस्ता आहे, आणि ज्यांना वाहन चालवता येत नाही, अशा मुलांसाठी व वृद्धांसाठी तो दुवा म्हणजे ही बसच आहे.

एवढ्या थोड्या प्रवाशांवर बसचा खर्च निघत नाही, हे उघड आहे. स्वित्झर्लंडमध्ये ज्या ठिकाणी वर्षभर किमान १०० माणसे राहतात, तिथल्या प्रादेशिक वाहतुकीची तूट संघ सरकार आणि प्रांत मिळून भरून काढू शकतात. जूफ एकटे या मोजमापात बसणार नाही, पण खोऱ्यातल्या सगळ्या वाड्या मिळून झालेली आव्हर्स ग्रामपंचायत बसते, आणि बस शेवटच्या वाडीपर्यंत जाते. हे वाचताना ‘गाव तेथे एसटी’ हे आपल्या महामंडळाचे ब्रीद आठवल्यावाचून राहत नाही. योगायोग असा की पोस्टाची पहिली मोटारबस बर्न ते डेटलिगेन या मार्गावर १ जून १९०६ रोजी धावली, आणि पुणे–अहमदनगर ही एसटीची पहिली बसही १ जूनलाच, १९४८ साली सुटली.

या कौतुकात एक गोष्ट लपवून ठेवणे योग्य होणार नाही. २०१८ साली असे उघडकीस आले की पोस्टआउटो कंपनीने अनेक वर्षे हिशेबात फेरफार करून नफा दडवला होता आणि त्यामुळे हक्कापेक्षा कितीतरी जास्त सरकारी अनुदान उचलले होते. पोस्टाच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना पद सोडावे लागले आणि २० कोटी फ्रँकहून अधिक रक्कम संघ सरकार, प्रांत व स्थानिक संस्थांना परत करावी लागली. जी सेवा जनतेच्या पैशावर, जनतेने टाकलेल्या विश्वासावर चालते, तिच्या बाबतीत असे घडावे, ही मला अत्यंत खेदाची गोष्ट वाटते. पैसे परत झाले आणि डोंगरातल्या बसही चालू राहिल्या, एवढे समाधान.

प्रवाशाच्या दृष्टीने उणिवा म्हणाल तर मुख्य उणीव फेऱ्यांची. दोन बसमध्ये बराच वेळ जातो आणि शेवटची बस लवकर निघून जाते, म्हणून परतीची वेळ चढतानाच चालकाला विचारून घ्यावी. वेळापत्रक दरवर्षी डिसेंबरात बदलते, तेव्हा जुन्या माहितीवर विसंबू नये. बसमध्ये स्वच्छतागृह नाही. हिवाळ्यात हिमस्खलनाचा धोका असेल तर रस्ता बंद ठेवतात आणि मग बसही येत नाही; विमान पकडायच्या आदल्या दिवशी हा बेत आखणे शहाणपणाचे नाही. आपल्याकडचे गट दहा-पंधरा जणांचे असतात. त्यांनी आगाऊ कळवूनच यावे, नाहीतर गावातल्या माणसांना त्यांच्याच बसमध्ये उभे राहण्याची वेळ येते. गावात पोचल्यावरही घरांच्या अंगणात, गोठ्यांच्या दारात छायाचित्रांसाठी शिरू नये. चारा कापून तो वाळवण्याचे दिवस या उंचीवर फार थोडे असतात, आणि त्या काळात उभे पीक असलेले गवत तुडवणे म्हणजे कुणाच्या तरी गायींचा हिवाळ्याचा घास तुडवणे आहे.

सेवेला मी पाचपैकी साडेचार गुण देईन. अर्धा गुण फेऱ्यांच्या कमतरतेसाठी कापला आहे, आणि तीस माणसांच्या गावासाठी याहून जास्त फेऱ्या मागणे कितपत योग्य, हा प्रश्न माझ्याही मनात आहे. ज्यांच्या पायांत बळ आहे त्यांनी आल्या वाटेने परतण्याऐवजी जूफहून स्टालरबर्ग ही २,५८१ मीटर उंचीची खिंड चालत ओलांडून बिवियो गावी उतरावे. बर्फ वितळल्यानंतर ही वाट चांगल्या खुणा केलेली असते आणि दिवसाउजेडी आरामात पार होते. बिवियोलाही पिवळी बस येते, आणि ती टीफेनकास्टेलला रेल्वेपाशी सोडते.