दोन फुटी प्लांटेड टँक, कोल्हापूरचं पाणी आणि उसाचं खत: तिन्ही ऋतू काढल्यावरचा अनुभव

आधीच सांगतो, हा सीओटू (झाडांसाठी पाण्यात सोडायचा कार्बन डायऑक्साइड) सिलिंडर आणि इंपोर्टेड लाइटवाल्या टँकचा रिव्ह्यू नाही. दोन फूट बाय एक बाय सव्वा फुटाची साधी काच, त्यात गच्च झाडं, थोडे मासे, आणि उन्हाळा-पावसाळा-थंडी सगळं बघून झालंय म्हणून लिहायला बसलोय. बरेच जण विचारतात की कोल्हापुरात झाडं टिकतात का, का पुण्या-मुंबईहून मागवलेली सगळी आठ दिवसात सडतात. टिकतात, लई भारी टिकतात. फक्त दुकानात जे गळ्यात मारतात त्यातलं निम्मं लागत नाही, आणि जे लागतं त्यातलं बरंचसं कृषी सेवा केंद्रात किलोनं मिळतं.

टँक गावातच काच कापून बनवून घेतला. दगड-वाळू टाकल्यावर पाणी साठ लिटरच्या आसपास बसतं, सगळं धरून वजन शंभर किलोकडं जातं, त्यामुळं टीव्हीच्या प्लायवूड युनिटवर ठेवायचा विचार डोक्यातनं काढा. उद्यमनगरात अँगलचा स्टँड करून मिळतो, वर प्लाय, प्लायवर थर्माकोल. भरायच्या आधी स्पिरिट लेव्हल लावून बघा, घरातल्या फरशीला बाथरूमकडं उतार असतोच.

माती. इथं जरा थांबून लिहितो कारण पैसे इथंच वाचतात. ॲक्वासॉइल (टँकसाठी तयार मिळणारी माती) चांगलीच असते, त्याबद्दल वाद नाही, पण दोन फुटी टँकला जेवढी लागते तेवढ्यात मातीवाल्या टँकचं आख्खं सामान येतं. डायना वॉलस्टॅड नावाच्या अमेरिकन बाईंमुळं फेमस झालेली पद्धत म्हणजे खाली साधी माती आणि वर वाळूचं झाकण, मी तीच धरली. पण साधी माती म्हणजे शिरोळ पट्ट्यातली काळी माती नव्हे बरं का. ती उसाला सोनं आहे, टँकमध्ये मात्र फुगते, चिकट होते, एक झाड उपटलं की दोन दिवस पाणी गढूळ, वर त्यात चुनखडीचे खडे असतात ते हळूहळू विरघळून पाणी जड करत बसतात. पन्हाळा-गगनबावडा साइडची जांभ्याची लाल माती घ्या, तिच्यात लोह भरपूर असतं आणि वाळूखाली ऑक्सिजन कमी झाला की ते मुळांना मिळायला लागतं. चाळायची, बादलीत भिजवून वर तरंगणारा काडीकचरा दोन-तीनदा ओतून द्यायचा, दहा भागाला एक भाग गांडूळखत, इंचभर थर, त्यावर दीड इंच जाडसर वाळू. शेणखत अजिबात नको, नाहीतर घरात वास आणि टँकमध्ये अमोनिया दोन्ही भरपूर.

वाळू आणि दगड आत जायच्या आधी त्यावर व्हिनेगरचे थेंब टाका, फसफसलं तर चुना आहे, बाजूला ठेवा. आपल्याकडचा काळा बेसाल्ट मस्त चालतो आणि फुकट आहे, पण ज्या दगडात पांढरे स्फटिक दिसतात तिथं नीट तपासा, काही वेळा ते कॅल्साइट निघतं. बाहेरचे महागडे ड्रॅगन स्टोन बघून झाल्यावर हा काळा दगड ओला करून बघा, मला तरी तोच जास्त देखणा वाटतो.

सुरुवातीचे चार ते सहा आठवडे मासे नाहीत म्हणजे नाहीत. मातीतनं अमोनिया सुटतो, एक जातीचे बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट, आणि ही दोन्ही मंडळी फिल्टरच्या स्पंजवर स्थिरावायला वेळ लागतो. मित्राच्या चालू टँकमधला मळका स्पंज आपल्या टँकमध्ये पिळला की काम बरंच लवकर होतं. पाणी तपासायचं टेस्ट किट एपीआय कंपनीचं, थेंबांचं वापरतो, पट्ट्यांपेक्षा खूप बरं. फक्त नायट्रेटची दोन नंबरची बाटली अर्धा मिनिट दणकून हलवायची, टेबलावर आपटून हलवायची, तिच्या तळाला पावडर बसलेली असते, नुसती उलटीपालटी करून थेंब टाकले की नायट्रेट आहे त्यापेक्षा कमी दाखवतं आणि आपण खूश.

याच काळात झाडं मरतात असं वाटतं. विकतची बरीच झाडं नर्सरीत पाण्याबाहेर वाढवलेली असतात, ती पानं पाण्यात टिकत नाहीत, नवीन येतात ती टिकतात. क्रिप्ट तर आख्खं विरघळून जातं, पण मुळं जिवंत असतात, उपटून फेकू नका, थोड्या आठवड्यात कोंब येतात. अनुबियास आणि जावा फर्नचं आडवं खोड वाळूत पुरायचं नाही, दगडाला दोऱ्यानं बांधायचं, पुरलं की कुजतं. माझ्याकडं सगळ्यात जोमानं वाढलेलं म्हणजे वॅलिस्नेरिया आणि हायग्रोफिला, दोन्ही स्वस्त.

पाणी. नळाचं पाणी आमच्याकडं मऊ आहे, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) दीडशेच्या आतच दाखवतो, बोअरचं त्याच्या चौपट. रोटाला नावाचं झाड मऊ पाण्यात खुश असतं, वॅलिस्नेरियाला जड पाणी आवडतं, त्यामुळं दोन्हीचं मिक्स करून मधलं काहीतरी ठेवलंय आणि ते आता हलवत नाही, कारण माशांना आणि झाडांना आकड्यापेक्षा रोजचा बदल जास्त बाधतो. नळाचं पाणी रात्रभर उघड्या बादलीत ठेवलं की क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर अँटीक्लोरीनचे थेंब. पावसाळ्यात क्लोरीनचा वास जास्त येतो, तेव्हा बादली आणि थेंब दोन्ही करतो.

आता लाइट, कारण नव्वद टक्के भांडणं हिच्यामुळं. दुकानात सांगतात की झाडं आहेत म्हणजे दहा-बारा तास चालू ठेवा, आणि दोन फुटाला जी एलईडी देतात ती सिलिंडरवाल्या टँकसाठी असते. सीओटू बाहेरनं सोडत नसाल तर पाण्यात तो जेमतेम दोन-तीन पीपीएम (दहा लाख भागात दोन-तीन भाग) असतो, झाडं तेवढ्यात जितकं खाऊ शकतात तितकंच खातात आणि उरलेला उजेड शेवाळाच्या पदरात. माझ्या टँकवर लाइट आठ तास असताना काचेवर हिरवा थर, वॅलिस्नेरियाच्या टोकाला काळी दाढी म्हणजे केसांसारखं काळं शेवाळ, सगळं झालं. मग लाइट चार इंच वर टांगली, टायमर सॉकेट लावलं, सकाळी तीन तास, मग दुपारी चार तास अंधार, संध्याकाळी तीन तास. त्या मधल्या वामकुक्षीत मातीतनं आणि माशांच्या श्वासातनं पाण्यात सीओटू परत साठतो. टायमर सॉकेट तीन-चारशेला मिळतं, या सगळ्या खटाटोपात मी घेतलेली सगळ्यात भारी वस्तू तीच.

खतं. छोट्या बाटलीत मिळणारं लिक्विड फर्टिलायझर म्हणजे बहुतेक पाणी. चुलत भाऊ कागलकडं उसाला ड्रिपमधनं जे तेरा झिरो पंचेचाळीस सोडतो ते पोटॅशियम नायट्रेट आहे, तेच टँकला चालतं. साठ लिटरला एक ग्रॅम म्हणजे साधारण दहा पीपीएम नायट्रेट आणि सहाच्या आसपास पोटॅशियम, आठवड्याला तेवढं बास होतं, त्यातही मासे जास्त असले की निम्मं. झिरो बावन्न चौतीस आणलं तर फॉस्फेट आणि थोडं पोटॅश, त्याचा ग्रॅमचा दहावा भाग पुरतो, म्हणून मी दहा ग्रॅम अर्ध्या लिटर पाण्यात विरघळवून ठेवलंय आणि सिरिंजनं पाच मिली टाकतो. किलोची पिशवी घेतली की नातवापर्यंत पुरेल, त्यामुळं दुकानात सुटं मागा किंवा भावाच्या पिशवीतनं डबीभर उचला. एकोणीस एकोणीस एकोणीस मात्र चुकून पण नको, युरिया तर नकोच नको, त्यातला नत्र अमोनियाच्या वाटेनं जातो आणि मासे उलटे होतात. मायक्रोन्यूट्रियंट घेताना चिलेटेड लिहिलेलं बघा आणि कोळंबी ठेवली असेल तर तांबं किती आहे ते लेबलवर वाचा, तिला तांबं सोसत नाही.

झाडाला काय कमी पडतंय ते ऊसवाल्यांना जसं कळतं तसंच कळतं. जुनी पानं पिवळी, नत्र कमी. जुन्या पानांना टाचणीसारखी भोकं, पोटॅश. नवीन पान फिकट आणि शिरा हिरव्या, लोह. चुलत भावाला हायग्रोफिलाचं एक पान दाखवलं तर त्यानं टँककडं न बघता सांगितलं, "पोटॅश कमी पडलंय रे याला." बरोबर होतं.

लिक्विड कार्बन म्हणून जी बाटली विकतात तिच्याबद्दल थोडं स्पष्ट बोलतो. त्यातल्या बऱ्याचशा बाटल्यांमध्ये ग्लुटारल्डिहाइडच्या कुळातलं केमिकल असतं. वहिनी नर्स आहे, तिनं लेबल वाचून पहिला प्रश्न विचारला की यानं आम्ही हत्यारं निर्जंतुक करतो, तू घरात उघड्यावर कशाला ओततोयस. शेवाळ मारतं हे खरं, पण झाडाला कार्बन देतं हा दावा मला काही पटला नाही, आणि वॅलिस्नेरिया त्यानं वितळते हे मी डोळ्यानं बघितलंय. बंद केलं.

काळ्या दाढीसाठी त्यापेक्षा मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड बरं, पण इथं एक गोष्ट नीट वाचा. नेटवरचे बहुतेक डोस अमेरिकेतल्या तीन टक्क्यांच्या बाटलीचे असतात, आपल्याकडं मेडिकलला सहा टक्क्यांची पण मिळते, लेबल बघितल्याशिवाय व्हिडिओ बघून ओतू नका. सहा टक्के असेल तर माझ्या साठ लिटरला एका वेळी सात-आठ मिलीच्या वर जात नाही. फिल्टर बंद करायचा, सिरिंज दाढीच्या अगदी जवळ न्यायची आणि हळू दाबायचं. लगेच त्या केसांवर बारीक बुडबुडे धरतात, दहा मिनिटांनी फिल्टर चालू. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काळी दाढी गुलाबी-तांबूस झाली की ती मेली समजायचं, मग गोगलगाई आणि कोळंबी ती साफ करतात. पण लाइट आणि खत जागेवर नसेल तर ती पंधरा दिवसात परत येणार, त्यामुळं हे औषध म्हणजे फक्त साफसफाई.

एप्रिल-मे. पाणी बत्तिसला टेकतं, गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो आणि मासे वर येऊन तोंड हलवायला लागतात. चिलरचे पैसे कुणाकडं आहेत, झाकण काढून छोटा क्लिप फॅन पाण्यावर तिरका लावला की बाष्पीभवनानं दोन-तीन डिग्री उतरतं. पाणी रोज घटतं, ते भरताना बोअरचं भरू नका, क्षार मागंच राहतात आणि साठत जातात, नळाचं किंवा आरओचं मऊ पाणी भरा. निऑन टेट्रा मासे मार्चनंतर घेऊच नका, त्यांना गरम पाणी सोसत नाही. गप्पी आणि चेरी कोळंबी माझ्याकडं आरामात निभावली. वीज गेल्यावर मात्र पॉवर बँकवर चालणारा यूएसबी एअर पंप लागतोच, चार तास वीज नसली आणि हा पंपही नसला तर भरगच्च टँकला अवघड जातं.

पाण्यावर तेलकट साय धरते असं बऱ्याच जणांचं असतं. पेपर टिश्यू फिरवून काढत बसू नका, फिल्टरचं तोंड जरा वर करा, पृष्ठभाग हलता राहिला की ती जाते. मातीवाल्या टँकमध्ये वाळूतनं अधूनमधून बुडबुडे सुटतात ते नॉर्मल आहे, सडक्या अंड्याचा वास आला तरच काडीनं तिथं हलकं टोचा. मलेशियन ट्रम्पेट जातीच्या गोगलगाई वाळूत फिरून हे काम फुकट करतात, पण खाणं जास्त टाकलं की त्यांची फौज होते.

यीस्ट-साखरेच्या बाटलीचा सीओटू पण करून बघितला. थंडीत बुडबुडे मंद, उन्हाळ्यात सुसाट, बंद करता येत नाही, आणि रोज वेगळा सीओटू म्हणजे शेवाळाला आमंत्रण. लाल झाडांचा आणि गालिच्यासारख्या गवताचा हट्ट असेल तर सरळ सिलिंडर, रेग्युलेटर आणि सोलेनॉइड (वायू चालू-बंद करणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) घ्या, नसेल तर यात पडू नका.

महिन्याचा खर्च आता वीज सोडली तर जवळपास शून्य आहे. आठवड्याला पंचवीस टक्के पाणी बदलतो, ते काढलेलं पाणी गॅलरीतल्या तुळशीला आणि मिरचीला. हायग्रोफिला दर पंधरवड्याला छाटावी लागते, रंकाळ्याच्या आसपास कुणी टँक लावत असेल तर ओल्या पेपरात गुंडाळून कांड्या देतो, पैसे नकोत. घरी नेल्यावर तुरटीच्या पाण्यात दोन-तीन तास भिजवून, नीट धुऊन मगच टँकमध्ये लावा, गोगलगाईची अंडी सोबत येणार हे गृहीत धरा.